वाडा पुढे गेला आहे

पाटोद्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली हे रोजचं काम, आणि वर्षातून चार-दोन वेळा कुणाला हुक्की आलीच तर वेबसाइट. वेबसाइटचं काम मला आवडतं, ते काम घेऊन येणारा माणूस मात्र आवडत नाही. तो दारातूनच सांगत येतो की नुसतं बटण दाबायचं आहे, दोन मिनिटांचं काम आहे. मी त्याला बसायला खुर्ची देतो आणि आत जाऊन उगाच प्रिंटरशी खाटखूट करत राहतो.

तो मेंढपाळ आला तेव्हाही मी असाच आत गेलो होतो. बाजारचा दिवस होता. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते आणि वाडे डोंगरातून खाली उतरायच्या तयारीत होते. आमच्याकडे वाडा म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचा घोळका. दिवाळी झाली की ते निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परत येतात. हा माणूस साठीच्या अलीकडचा, एका गुडघ्यात अधू. त्यानं टायरच्या तळाच्या वहाणा पायरीखाली काढून ठेवल्या आणि बायकोला पुढं घालून तो आत आला. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढून माझ्यासमोर धरला. एक पान उघडलेलं होतं. हे पान इथून उचलून दुसरीकडं ठेवायचं, असं त्यानं सांगितलं.

पान पाहून मला हसू आलं, कारण त्याची जन्मकथा मला माहीत होती. तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या साहेबांनी काही वर्षांपूर्वी संस्थेच्या वेबसाइटवर तालुक्यातल्या सगळ्या उद्योगधंद्यांची पानं करायची घोषणा केली होती. घोषणेचा फ्लेक्स मीच छापला होता. कुंभार, लोहार, दूध डेअरी, मंडपवाले, सगळ्यांची पानं होणार होती. पुढं त्यात एकच पान झालं, ते या मेंढपाळाचं, आणि तेही त्याचा मुलगा संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होता म्हणून. पानावर एका मेंढ्याचा फोटो, वाड्याचा फोन नंबर आणि एक ओळ: सध्या वाडा कुठं बसला आहे. तेवढंच.

पण त्या एका ओळीचा उपयोग होता. ज्या शेतकऱ्याला रानात मेंढरं बसवायची असतात, म्हणजे लेंडीखतासाठी काही रात्री आपल्या शेतात मुक्कामाला ठेवून घ्यायची असतात, तो ती ओळ बघून फोन करायचा. वाडा जवळ असेल तर बोलणं व्हायचं. ओळ बदलायला मुलानं बापाला शिकवलं होतं. फोनवर गावाचं नाव बोलायचं, ते आपोआप उमटतं, मग खालचं हिरवं बटण दाबायचं. बाप ते चोख करायचा.

आता साहेबांनी नवी वेबसाइट करायला घेतली होती. तिच्यावर उद्योगधंदे नव्हते, साहेबच होते. जुनी वेबसाइट गुढीपाडव्यापर्यंत राहील आणि मग बंद होईल, असं ऑफिसातून मेंढपाळाला कळलं होतं.

मी त्याला सांगितलं की हे पान राखायचं काही कारण नाही. मी नव्या नावानं नवं पान करून देतो. शेतकऱ्यांकडं फोन नंबर आहेच, नेहमीच्या लोकांना एक मेसेज टाका, झालं काम. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला की ते ठीक आहे, पण जो जुन्या पानावर येईल तो नव्यावर पोचला पाहिजे. मी पुन्हा तेच समजावलं. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. माझं डोकं फिरायला लागलं होतं, तेवढ्यात तो तंबाखू आणायला म्हणून बाहेर गेला आणि त्याची बायको खुर्चीतून पुढं सरकली.

तिनं सगळं भराभर सांगितलं, नवरा यायच्या आत संपवायचं असल्यासारखं. गुडघा गेला तेव्हा बापानं मुलाला नोकरी सोडून मेंढरांमागं यायला सांगितलं. मुलगा नाही म्हणाला. बोलाचाली झाली, देवळापुढं, चार माणसांत, आणि बाप म्हणून गेला की मग या वाड्याची वाट तुला बंद. मुलानं ते धरलं. नोकरीही सोडली, गावही सोडलं, फोन नंबरही बदलला. कुणी म्हणतं पुण्याकडं आहे, कुणी म्हणतं गुजरातेत. दोन दिवाळ्या झाल्या. तो कुठं आहे ते यांना माहीत नाही. वाडा कुठं आहे ते त्याला कळतं, ते या पानावरून.

तो पान बघतो हे कशावरून, असं मी विचारलं. तिनं सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात नवऱ्यानं मेंढ्याचा नवा फोटो टाकला होता आणि तो आडवा पडला होता. दुसऱ्या दिवशी बघतात तर फोटो सरळ. वाड्यात कुणाला ते जमण्यासारखं नव्हतं. संस्थेत कुणाला त्याची पडलेली नव्हती.

"त्या दिशी ह्यांनी फोन खाली ठिवला न्हाई," ती म्हणाली. "मेंढरं कुठं गेली त्येची सुद न्हाई. मी सांगितलं म्हून सांगू नगा."

नवरा परत आला तेव्हा ती दाराबाहेरचा बाजार बघत बसली होती. मी काम घेतो म्हणून सांगितलं. दया आली म्हणून घेतलं असं म्हणता येणार नाही. आडव्या फोटोची गोष्ट मला आवडली होती, आणि असं काम आपल्याला जमतं का हे बघायचीही खुमखुमी होती.

इथं थोडं सांगावं लागेल. वेबसाइट एका नावावरून दुसऱ्या नावावर न्यायची रीत अगदी सोपी आहे. जुनी साइट ज्या मशीनवर ठेवलेली असते त्या मशीनला एक आज्ञा द्यायची, की इथं जो येईल त्याला तिकडं पाठव, कायमचं. मग येणाऱ्याला कळतसुद्धा नाही की आपल्याला वळवलंय. फक्त त्या मशीनच्या किल्ल्या हातात लागतात.

किल्ल्यांसाठी मी संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथला क्लार्क माझ्या वर्गातला. त्यानं सांगितलं की वेबसाइट पुण्याच्या एका कंपनीनं केली होती, पासवर्ड त्यांच्याकडं, आणि कंपनी आता आहे की नाही कुणाला ठाऊक नाही. संस्थेत कुणाकडं पासवर्ड असेल का, म्हणून मी दोन-तीन खोल्या फिरलो. प्रत्येकानं पुढच्या खोलीचं नाव सांगितलं आणि शेवटच्या खोलीनं पहिल्या खोलीचं.

"कामून मागं लागलास रे एका पानाच्या?" क्लार्क म्हणाला. "पाडव्याला आपोआप मरंल ते."

तेव्हा माझ्या हातात राहिलं ते फक्त मुलानं बापाच्या फोनवर उघडून दिलेलं खातं. त्या खात्यातून त्या एका पानाचा मजकूर बदलता यायचा, बाकी काही नाही. ना मशीन दिसत होतं, ना साइटचं दुसरं पान. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार होता. मजकुराच्या चौकटीत मी पाठवणीच्या आज्ञा वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून बघितल्या. हिरवं बटण दाबलं की चौकट त्या गिळून टाकायची आणि पान जसंच्या तसं पुढं यायचं. पुण्याच्या कंपनीनं बाकी काही केलं नसेल, पण बंदोबस्त चांगला केला होता. शेवटी एक फार जुन्या काळातली ओळ मला आठवली, जी हल्ली कुणी वापरत नाही: पान उघडलं की सांगितलं तेवढं थांबायचं आणि आपणहून दुसऱ्या पत्त्यावर जायचं. ती अडवायचं कुणाला सुचलं नव्हतं. ओळ टिकली. मी दुकानात एकट्यानंच टाळी वाजवली.

मेंढपाळ पुढच्या बाजारी आला. तोवर वाडा मांजरसुंब्याच्या घाटाच्या अलीकडं येऊन बसला होता, तिथून तो जीपनं आला. मी त्याला दाखवलं: जुनं पान उघडलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत नवं पान येतं. अशी वळणं अशीच चटकन असावीत, थांबायला लागलं की माणूस कंटाळून निघून जातो. मला वाटलं तो खूश होईल. त्यानं परत उघडायला सांगितलं, परत बघितलं, आणि म्हणाला की एवढं लगेच नको.

का, म्हणून मी विचारलं. मग त्यानं मला वाटेवरच्या फांदीचं सांगितलं. वाडा हलतो तेव्हा बायका बिऱ्हाड घोड्यांवर लादून पुढं जातात आणि मेंढरं चरत चरत मागून येतात. वाटेत फाटा लागला की पुढची बाई लिंबाची डहाळी मोडून वाटेत ठेवते, शेंडा ज्या बाजूला जायचं त्या बाजूला, आणि वर एक दगड. मागचे येतात, बघतात, त्या वाटेनं जातात. सगळ्यात शेवटी जो असतो तो ती डहाळी उचलून बाजूला फेकतो. नाहीतर मागून भलताच वाडा यायचा आणि त्या खुणेनं भलतीकडं जायचा. हे सांगताना त्यानं माझ्या टेबलावर पेन ठेवून त्याच्यावर माझा स्टेपलर ठेवला. मी अर्धवट ऐकत होतो. एका सरपंचाच्या वाढदिवसाचं काम अडलं होतं आणि माणसं दारात उभी होती.

"नुसतं वळवू नगा," तो म्हणाला. "येनाराला दिसाया पायजे, की आपुन ठिवलीया."

म्हणून मी ओळीत थांबण्याचा वेळ वाढवला, आरामात एक वाक्य वाचून होईल एवढा. वाक्यही त्यानंच सांगितलं. मी "आमची नवीन वेबसाइट" असं काहीतरी सुचवत होतो, ते त्यानं ऐकूनच घेतलं नाही. वाक्य असं होतं: वाडा पुढे गेला आहे. या वाटेनं या. त्याच्याखाली नव्या पानाचा पत्ता. ज्याचा फोन आपणहून जाणार नाही, त्याला बोट लावून जाता यावं म्हणून.

मी ते टाइप केलं. शेवटचे तीन शब्द टाइप होताना तो पडद्याकडं बघत नव्हता. मला तेव्हा एकदम जाणवलं की ज्यानं वाट बंद केली त्यालाच ती उघडायची आहे आणि तोंडानं ते म्हणायची त्याची तयारी नाही. मला त्याचा थोडा रागही आला. चार माणसांत बोलायला याला जड गेलं नव्हतं.

नवं पान त्याला चालवता येईना. त्यातली बटणं वेगळ्या जागी होती आणि नवं शिकायचं आता त्याच्या जिवावर आलं होतं. म्हणून मी जुनं खातं त्याच्या फोनवरून काढून टाकलं, उगाच हात लागायला नको, आणि ठरलं असं की वाडा हलला की त्यानं मला फोन करायचा, गावाचं नाव सांगायचं आणि मी ते नव्या पानावर लिहायचं. हिवाळाभर हे बिनबोभाट चाललं. फोन यायचा, तो गाव सांगायचा, मी लिहायचो. वाडा मांजरसुंबा ओलांडून मांजरेच्या काठानं सरकत सरकत पुढं अंबाजोगाई तालुक्यात शिरला. मला त्या ओळीची सवय झाली. मी दुकानात बसून कुणाच्या तरी नियुक्तीबद्दल कुणाचं तरी हार्दिक अभिनंदन करत असायचो आणि फोन यायचा की वाडा अमुक शिवारात बसला. बरं वाटायचं.

जुनं पान मी अधूनमधून उघडून बघायचो. त्यात काळजी कमी आणि कौतुक जास्त होतं. ती एक जुनी ओळ अजून काम करतेय, हे बघायला मला आवडायचं. महाशिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी जुनं पान उघडलं तर ते कुठंच गेलं नाही. तिथंच थांबून राहिलं. मेंढ्याचा फोटो होता, नंबर होता, दिवाळीनंतरच्या मुक्कामाचं गाव होतं. पाठवणीची ओळ नव्हती. वाडा पुढे गेल्याचं वाक्यही नव्हतं.

मी पहिला फोन क्लार्कला केला आणि त्याला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला की त्यांच्याकडं महिनाभर तो कॉम्प्युटरच बंद आहे, वेबसाइटला हात लावायची कुणाची टाप नाही आणि इच्छाही नाही. खोटं बोलण्याइतका त्रासही तो घेत नाही, हे मला माहीत होतं. मग मी खात्यात शिरून बघितलं. पानावर शेवटचा बदल कधी आणि कुठल्या खात्यातून झाला, तेवढं तिथं दिसायचं. बदल आदल्या दिवशीचा होता आणि याच खात्यातून झालेला होता. या खात्याचा पासवर्ड आता दोघांकडं होता, माझ्याकडं आणि ज्यानं ते खातं उघडलं होतं त्या मुलाकडं.

म्हणजे मुलगा आला होता. त्यानं वाक्य वाचलं होतं आणि ते पुसून टाकलं होतं. मला त्याचा एकच अर्थ लागला. बापानं टाकलेलं बोलावणं त्यानं परत केलं. फक्त पाठ फिरवून गेला असता तरी कुणाला कळलं नसतं, पण यानं खूणच काढून टाकली, म्हणजे पुन्हा बोलावू नका. मी टेबलावर हात आपटला. एवढ्या खटपटीनं टिकवलेली माझी ओळ गेली याचंही मला वाईट वाटलं, आणि ते आधी वाटलं, हे सांगून टाकलेलं बरं.

हे फोनवर सांगायला जीभ रेटेना. घाटनांदूरला एका मंगल कार्यालयाचा बोर्ड बसवायचा होता, ते काम मी दोन दिवस अलीकडं ओढलं आणि गेलो. वाडा तेव्हा त्याच गावाच्या बाहेर, काढलेल्या हरभऱ्याच्या रानात बसला होता. उन्हं चढली होती. मेंढरं चरायला गेली होती आणि वाघूर, म्हणजे त्यांना कोंडायची जाळी, एका बाजूला गुंडाळून ठेवली होती. डालग्याखाली कोंबड्या, दोन घोडे, धापा टाकत पडलेली कुत्री. गुडघ्यामुळं तो हल्ली मेंढरांमागं फारसा जात नसे, बिऱ्हाडाजवळच असे. बायको दगडाच्या चुलीवर भाकरी करत होती. मला बघून तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग भाकरीकडं.

मी घुमवून फिरवून बोललो नाही. जुन्या पानावरची खूण काढली गेली आहे आणि ती तुमच्या मुलानं काढली आहे, असं सरळ सांगितलं. मग त्यानं विचारलं की वाक्यपण काढलंय का. मी हो म्हणालो. मेंढ्याचा फोटो काढलाय का? नाही म्हणालो. नंबर? तोही आहे. फक्त खूण आणि वाक्य तेवढं गेलंय.

"मंग उचलली त्यानं," तो म्हणाला.

मला कळलं नाही. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"मागं आजून कोन यायचं न्हाई, म्हून उचलली," तो बायकोला म्हणाला, मला नाही.

तेव्हा माझ्या टेबलावरचं ते पेन आणि स्टेपलर मला आठवलं. तरी मी हट्ट सोडला नाही. मी म्हणालो की आशा ठेवा, पण जपून ठेवा. रागानंसुद्धा काढली असेल. त्यानं मान हलवली. रागावलेला माणूस फांदीला हात कशाला लावतोय, असं त्याचं म्हणणं, तो आपला दुसऱ्या वाटेनं जातो. मी म्हटलं, बरं, रागानं नसेल, पण ती परत ठेवू का? एखादा शेतकरी जुन्या पत्त्यावर यायचा आणि तिथंच बसायचा. आमच्या धंद्यात अशी खूण कुणी काढत नाही, वर्षानुवर्षं ठेवतात, शेवटचा माणूस असा तिथं नसतोच. तो म्हणाला की शेतकऱ्याला नंबर आहे, त्याचं अडत नाही. उचललेली फांदी परत ठेवत नाहीत.

मी भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन निघालो. निघताना बायको पाणी घेऊन रस्त्यापर्यंत आली.

पुढचा फोन ठरल्यासारखा आला. मी कागद घेऊन गावाचं नाव ऐकायला बसलो.

"तितंच हाय," तो म्हणाला.

मी पानावर काही बदललं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. शेतकऱ्याचे ठरलेले मुक्काम संपले होते, हे मला हिशेबावरून कळत होतं. ऊन तापल्यावर वाडा एका जागी धरून ठेवणं सोपं नाही. रानात काडी उरत नाही, मेंढरं लांब लांब न्यावी लागतात, त्यात पाणी आटतं. बरोबरची कुटुंबं कुरकुरायला लागली होती, आणि मग त्यांनी वाट बघायचं सोडून आपली मेंढरं वेगळी काढली आणि ती पुढं निघून गेली. हे मला त्याच्याकडून नाही, त्याच्या बायकोकडून कळलं. एकदा फोनवर तीच होती. ती म्हणाली की नवरा शेतकऱ्याच्या हातापाया पडून त्याच शिवारात थांबलाय. ज्याच्या रानात होते त्यानं हाकललं, तर बांधापलीकडच्याला विचारलं. गाव तेच राहिलं पाहिजे.

मला त्या मुलाचा मनापासून राग यायला लागला होता. यायचं असेल तर यावं, नसेल तर सांगावं. कुठंतरी बसून बोटानं एक ओळ पुसायची आणि इकडं म्हाताऱ्यानं मेंढरं उपाशी मारायची. मी हे बोललो मात्र कुणाला नाही. एकदा वाटलं, नव्या पानावर आपल्या मनानं दोन शब्द लिहावेत. पण ते माझं काम नव्हतं. माझं काम गाव लिहायचं, आणि गाव बदलत नव्हतं.

पाडवा झाला. जुनी वेबसाइट त्यांनी खरोखरच वेळेवर बंद केली, संस्थेचं एवढं एकच काम मी वेळेवर झालेलं पाहिलं. जुना पत्ता टाकला की आता पांढरा पडदा यायचा. खूण असती तरी त्या दिवशी गेलीच असती.

त्यानंतर एका दुपारी मी दुकानात एका निवडीचा फ्लेक्स छापत होतो. फोन वाजला. नंबर मेंढपाळाचा. मी सवयीनं कागद ओढला आणि "तिथंच ना?" म्हणून विचारलं. पलीकडं कुत्री भुंकत होती, कुणीतरी घोड्याला हाकारत होतं. मग एका तरण्या आवाजानं विचारलं की नव्या पानाचा पासवर्ड तुमच्याकडं आहे का.

असले पासवर्ड मी कुणालाही देत नाही. मी जरा तोडूनच विचारलं, "कोण बोलतंय?"

तो थोडा अडखळला.

"वाड्यावरनं बोलतोय," तो म्हणाला.

मी पासवर्ड सांगितला. त्यानं तो एकदाच ऐकला, परत विचारला नाही, आणि इथून पुढं मी बघतो म्हणाला. मी बरं म्हणालो. मागं एक बाई काहीतरी सांगत होती, ते त्यानं ऐकलं आणि मला सांगितलं की पावसाआधी वाडा घरी येईल तेव्हा जेवायला या. फोन ठेवल्यावर मी प्रिंटर बंद केला. माणसं दारात उभी होती, त्यांना मी उद्या या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून मी खात्यात शिरायला गेलो तर शिरता येईना. पासवर्ड बदललेला होता. तो पहिल्याच दिवशी बदलायचा असतो, तेव्हा त्यात राग मानण्यासारखं काही नव्हतं. मग मी चारचौघांसारखं ते पान बाहेरून उघडलं. मेंढ्याचा फोटो नवा होता आणि सरळ होता. खाली गावाचं नाव दुसरं होतं. वाडा हलला होता.